चौकटराव

फिल्म शिकवणाऱ्या कुठल्याही कॉलेजात दर बॅचला एक चौकटराव निघतोच. बाकीच्यांत कोणी कॅमेऱ्याचा किडा असतो, कोणी कानाला हेडफोन लावून रस्त्यावरचे आवाज गोळा करत फिरतो, दोघेतिघे नुसते दाढी वाढवायला आलेले असतात. चौकटराव मात्र कागदाचा माणूस. त्याला ओळखायला वेळ लागत नाही. दोन्ही हातांचे अंगठे नि तर्जन्या जुळवून, एक डोळा मिटून तो जगाकडे बघत असतो. कँटीनचा चहा आला की आधी चौकट, मग घोट. एका मित्राच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला बसल्यावर त्यानं हाताची ती चौकट धरली, तर वाढप्याला वाटलं, पाहुणा एवढी मोठी बर्फी मागतोय.

आमचा चौकटराव पुण्यात शेवटच्या वर्षाला होता. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. गावाकडे वडिलांचं मोटर-पाइपांचं दुकान. पोरगं चित्रं काढतंय एवढं त्यांना कळलेलं, त्यामुळे फोनवर दर वेळी एकच विचारणा, "दुकानाची पाटी कधी रंगवून देतोस?"

"बाबा, मी तसलं काढत नाही."

"मग कसलं काढतोस?"

"जे अजून झालेलं नाही ते."

वडील जरा वेळ गप्प राहायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

स्टोरीबोर्ड ही तशी साधी गोष्ट. शूटिंगच्या आधी प्रसंगाचे शॉट पाडायचे आणि प्रत्येक शॉट पडद्यावर कसा दिसेल ते एकेका चौकटीत काढायचं. खाली शॉटचा नंबर, कोण काय करतंय, काय बोलतंय, लेन्स कुठली. माणूस हलला तर एक बाण, कॅमेरा हलला तर दुसरा, जाड. १९३०च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत अशी चित्रं भिंतीवरच्या फळ्याला पिनांनी टोचून लावत. पटलं नाही की एक उपटायचं आणि दुसरं टोचायचं. कागद स्वस्त आणि फिल्म महाग, सगळा व्यवहार एवढाच. चित्रकला यावीच लागते असंही नाही, काड्यांची माणसं काढली तरी भागतं. पण हे वाक्य चौकटरावसमोर बोलायची सोय नव्हती. काड्यांची माणसं म्हटलं की त्याचा चेहरा गायन क्लासात कोणी हार्मोनियमवर फडकं वाळत घातल्यासारखा व्हायचा.

सत्यजित राय हे त्याचं कुलदैवत. रायांनी 'पथेर पांचाली'ची चित्रांची वही केली, ती घेऊन निर्मात्यांचे उंबरे झिजवले, पुढे ती वही पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये गेली, हे तो पहिल्याच भेटीत सांगायचा, समोरचा माणूस वीजबिलाचा असला तरी. राय लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या वह्यांत काम करत, म्हणून हाही अप्पा बळवंत चौकात लाल चोपडी आणायला गेला. दुकानदारानं विचारलं, "रोजमेळ हवा की खतावणी?"

"मला सिनेमा काढायचाय."

"मग रोजमेळच न्या. रोज लिहायला लागेल."

त्या रोजमेळाच्या पानांवर 'जमा' आणि 'नावे' असे छापील रकाने होते. त्यामुळे त्याच्या पहिल्या छोट्या फिल्ममध्ये नायक शेवटपर्यंत जमेच्या बाजूला उभा आहे आणि नायिका नावेच्या. दोघांची भेट होतच नाही. मधली रेघ ओलांडायची कशी हे त्याला सुचलं नव्हतं.

दुसरे गुरू कुरोसावा. 'कागेमुशा'ला पैसे मिळत नव्हते त्या काळात त्यांनी त्यातले प्रसंग कागदावर रंगवून ठेवले. मग लुकास आणि कोपोला पाठीशी उभे राहिले आणि १९८० साली चित्रपट आला. यातला 'पैसे मिळत नव्हते' एवढा भाग आमच्या चौकटरावला तंतोतंत लागू पडायचा. आपल्याकडचं कोणी सांग म्हटलं की तो थेट कोल्हापूरला जायचा. नाटकाचे पडदे रंगवणारे बाबुराव पेंटर स्वतःचा कॅमेरा घडवतात आणि १९२० साली 'सैरंध्री' काढतात! हे ऐकून आमची कॅमेरावाली (ही मुलगी मोजकं बोलायची आणि बहुधा आकड्यांत बोलायची) एकदा म्हणाली, "त्यांनी घडवला. आपला भाड्याचा आहे, सातच्या आत परत द्यायचाय."

त्याचं चित्र सुरेखच होतं, यात शंका नाही. खिडकीतून येणारा तिरपा उजेड, जिन्याखालचा अंधार, पावसानंतरचा बोळ हे तो सहा-बी पेन्सिलीनं असं काढायचा की कागदाला ओल आल्याचा भास व्हावा. फक्त हात यायचे नाहीत. माणसाचा हात काढायला घेतला की त्याची बोटं कधी चार व्हायची, कधी सहा, आणि अंगठा कुठल्या बाजूला असतो हे तो स्वतःच्या हाताकडे बघूनही विसरायचा. म्हणून त्याच्या दुसऱ्या फिल्ममधली सगळी पात्रं खिशात हात घालून दुःखी आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर 'पात्रांमधला दुरावा फार संयमानं आला आहे' असा शेरा दिला. चौकटरावनं तो शेरा चोपडीत जमेच्या रकान्यात उतरवून ठेवला.

शेवटच्या वर्षाच्या फिल्मचं नाव एका शब्दाचं होतं आणि शब्दापुढे तीन टिंबं. गोष्ट अशी की, मुलगा नोकरीसाठी परदेशी निघालाय, बॅगा भरून झाल्यात, आणि आदल्या संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणतो, "आई, मी जात नाहीये." आई पोळ्या करतेय. ती काही बोलत नाही. तव्यावरची पोळी फुगते.

"पोळी म्हणजे आईचं मन," चौकटरावनं समजावलं.

"आणि वाफ?" साउंडवाल्यानं विचारलं. त्याला वाफेचा आवाज घ्यायचा होता.

"वाफ म्हणजे इतक्या वर्षांचं न बोललेलं."

यावर आम्ही सगळेच काही वेळ न बोललेलं साठवत बसलो.

या सव्वा मिनिटाच्या प्रसंगाच्या त्यानं एकतीस चौकटी काढल्या. चौदावीत पोळी सपाट, पंधरावीत बुडबुडे, सोळावीत अर्धी वर आलेली, सतरावीत टम्म. आईचे हात टाळायची या वेळी सोय नव्हती, म्हणून तो आठवडाभर मेसच्या काकूंसमोर चोपडी घेऊन बसला. "जरा लाटणं तसंच धरून ठेवा ना काकू," असं म्हणत त्यानं तीन पोळ्या करपवल्या. चौथ्या वेळी काकू म्हणाल्या, "फोटो काढून घे की रे मेल्या." पण हात साधले. लाटण्यावरची ती दोन तळव्यांची पकड, पिठानं भरलेली नखं, मनगटाला किंचित आलेला बाक हे त्यानं काढलेलं सगळ्यांत चांगलं काम, हे मी आजही सांगेन.

सतरावी चौकट म्हणजे तर कळस. सगळ्यांत पुढे शेगडीची ज्योत, तिच्यावर फुगलेली पोळी, पोळीच्या वर आईचा चेहरा, आईच्या खांद्यामागे दारात उभा मुलगा; सगळं एकाच वेळी स्पष्ट. कॅमेरावालीनं ते चित्र दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "यात कॅमेरा कुठेय?"

"शेगडीच्या मागे."

"शेगडीच्या मागे भिंत असते."

चौकटरावच्या चित्रांत भिंती कधीच आड यायच्या नाहीत. जागा पाहायला गेल्यावर उलगडा झाला की सतराव्या चौकटीसाठी कॅमेरा शेजाऱ्यांच्या देवघरात ठेवावा लागेल आणि मधली नऊ इंची भिंत त्यांना विचारून काढावी लागेल.

ही जागा म्हणजे कॅमेरावालीच्या मावशींचं स्वयंपाकघर. सदाशिव पेठेतलं, सहा बाय आठ. ओटा, फडताळ, भांड्यांची मांडणी आणि फ्रिज एवढं बसल्यावर आत माणूस आला की दुसऱ्यानं बाहेर जायचं. मावशींनी चहा दिला, चश्मा लावला आणि चोपडी मांडीवर घेतली. स्टोरीबोर्डची इतकी बारकाईनं तपासणी आमच्या कुठल्या प्राध्यापकांनी केली नसेल.

"हा बाण हिच्या पोटात का शिरलाय?"

"मावशी, तो कॅमेऱ्याचा बाण आहे. कॅमेरा तिच्याकडे जातोय."

"अस्सं. मला वाटलं, दुखतंय हिचं." पान उलटलं. "कणीक कुठेय? परात नाही, पिठाचा डबा नाही, तेलाची वाटी नाही. ही लाटते कशावरनं?"

"ते फ्रेमच्या बाहेर आहे."

"बाहेर असेल तर हात पुरेल का तिचा?" आणखी एक पान. मग सतराव्या चौकटीपाशी मावशी थांबल्या. "ही पोळी कोणी सांगितली? असा टम्म होतो तो फुलका, आणि तो आचेवर. घडीची पोळी तव्यावरच फुगते, पदर सुटतात तिचे. तुमची ही आई घडीची करते की फुलका, ते ठरवा आधी."

आईचं मन घडीचं की फुलक्याचं, हा प्रश्न पटकथेच्या तिन्ही मसुद्यांत कोणाला पडला नव्हता. चौकटराव चोपडीत काहीतरी टिपून घेऊ लागला, तेवढ्यात मावशींनी चहाची कपबशी उचलता उचलता शेवटचा मुद्दा टाकला.

"आणि गॅस उजवीकडे काढलायस. माझा डावीकडे आहे."

वाचकांना हे किरकोळ वाटेल. पण दोन माणसं एकमेकांशी बोलत असली की त्यांच्यामध्ये एक कल्पित रेघ असते आणि कॅमेऱ्यानं ती ओलांडायची नाही, हा सिनेमाच्या व्याकरणातला पहिल्या सत्राचा धडा आहे. ओलांडली तर एका शॉटमध्ये उजवीकडे बघणारी आई दुसऱ्यात डावीकडे बघते आणि दोघं एकमेकांशी न बोलता एकाच खिडकीबाहेर बघतायत असं वाटतं. म्हणजे गॅस फिरला की आई फिरली, आई फिरली की दार फिरलं, दार फिरलं की मुलगा फिरला. फिरवायच्या तर एकतीसच्या एकतीस चौकटी, नाहीतर एकही नाही.

"गॅस हलवता येईल का?" चौकटरावनं विचारलं.

मावशींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

रात्री होस्टेलच्या खिडकीच्या काचेला पानं उलटी लावून, मागे टेबललॅम्प धरून त्यानं सगळ्या चौकटी गिरवल्या. सकाळी पाहिलं तर गॅस जागेवर आला होता, दार जागेवर आलं होतं, फक्त आई डावखुरी झाली होती. "चालेल," तो म्हणाला, "त्यानं तिच्या स्वभावाला एक पदर येतो." पदर हा शब्द तो मावशींकडून शिकला होता.

इथं मला त्याच्या बाजूनं एक सांगायला हवं. चौकटरावच्या उलट टोकाचा एक नमुनाही दर बॅचला असतो, 'सगळं डोक्यात आहे' म्हणणारा. तो कागदावर काही काढत नाही. शूटिंगच्या दिवशी बारा माणसं उन्हात उभी करतो आणि मग डोक्यात जातो. बाहेर येईपर्यंत ऊन उतरलेलं असतं. त्याच्या सेटवर जेवणाची वेळ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. चौकटरावच्या सेटवर निदान काय होणार नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ही फार मोठी सोय आहे. सतरावी चौकट होणार नाही हे कळलं म्हणून तर कॅमेरावालीनं दुसरी जागा शोधली, फ्रिज हलवून त्याच्या मागे.

शूटिंगचा दिवस रविवार. आईचं काम करणाऱ्या ताई बँकेत नोकरीला आणि राज्य नाट्य स्पर्धेत बक्षिसं मिळवलेल्या. आल्या, साडी नेसून उभ्या राहिल्या, चोपडी पाहिली आणि म्हणाल्या, "पोळ्यांचा अभिनय करीन. पोळ्या येत नाहीत मला, आमच्याकडे बाई येतात." मग ठरलं की चेहरा ताईंचा आणि हात मावशींचे. मावशींच्या हातात हिरव्या बांगड्या. त्या उतरायच्या नाहीत असं त्यांनी बजावलं. म्हणून एकाला सायकलवर तुळशीबागेत पिटाळलं. तो ताईंच्या मापाच्या बांगड्या घेऊन परत येईपर्यंत आमचे पोहे खाऊन झाले. प्रॉडक्शनचं खातं माझ्याकडे होतं, म्हणजे पोहेच माझ्याकडे होते.

कॅमेऱ्याच्या जाड बाणासाठी ट्रॉली लागते. सहा बाय आठमध्ये ट्रॉलीचे रूळ कुठे घालणार? कॅमेरावालीला सतरंजीवर बसवून दोघांनी ओढायचं ठरलं. खाली शहाबादी फरशी, दर दोन फुटांवर सांधा. पडद्यावर कॅमेरा आईकडे सरकतो तेव्हा मधेमधे किंचित उचकी लागते, ती त्या सांध्यांची. नंतर एका समीक्षणात तिला 'मुलाच्या मनातली धाकधूक' म्हटलं गेलं.

आणि मग पोळी.

तीसेक वर्षं ज्यांच्या तव्यावर पोळी फुगत आली, त्या मावशी कॅमेरा सुरू होताच अवघडल्या. पहिली पोळी चपटीच राहिली. दुसरीला एका कडेला फोड आला आणि बसला. तिसरी सुरेख फुगली, पण मुलाचं वाक्य यायच्या आधीच, आणि मुलाचं काम करणारा पोरगा तिच्याकडे बघत राहिला आणि बोलायचंच विसरला. मावशींनी मान फिरवून सांगितलं, "ते ॲक्शन म्हणू नका रे ओरडून. पीठ घाबरतं."

चौकटराव हळू आवाजात "ॲक्शन" म्हणू लागला. मग नुसतं बोट वर करू लागला. परातीतली कणीक कमी होत होती आणि चपट्या पोळ्या गूळ-तुपाबरोबर युनिटच्या पोटात जात होत्या. तो मात्र काही खात नव्हता. दर पोळीनंतर चोपडीतली सोळावी चौकट काढायचा आणि तव्याला दाखवल्यासारखी समोर धरायचा.

"हिचकॉकला 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या खुनाला सात दिवस लागले," तो कॅमेरावालीला म्हणाला. "पडद्यावर पाऊण मिनिट. सात दिवस!"

"न्हाणीघर त्यांचं होतं. मावशीकडे चारला भिशी आहे."

दोन वाजता जेवायला थांबलो. कॅमेरा बंद, दिवे बंद. मावशींनी पदर खोचला आणि आमच्यासाठी पंधरा-वीस पोळ्या केल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या टम्म फुगल्या. चौकटराव ताट हातात धरून ओट्यापाशी उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

शेवटचा टेक साडेतीनला. खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागलेला, बाहेर भिशीच्या दोन बायका लवकर येऊन बसलेल्या आणि दारातून डोकावून 'कुठल्या चॅनेलवर लागणार' म्हणून विचारत असलेल्या. या वेळी फ्रेममध्ये ताईच होत्या, रुंद शॉट, तव्यावर मावशींनी टाकून दिलेली पोळी. मुलगा वाक्य बोलला. पोळी फुगली नाही. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. सगळे 'कट' ऐकायला थांबले होते. ताईंनी हात पुढे केला, गॅस बंद केला आणि पोळपाटावर लाटून ठेवलेली पोळी पुन्हा गोळा करून कणकेत मिसळायला लागल्या. मुलगा घरीच जेवणार होता, घाई कसली?

हे चोपडीत कुठेच नव्हतं. चौकटराव 'कट' म्हणाला नाही, त्याचं कारण वेगळंच होतं. तो खाली मान घालून भराभरा पानं उलटत होता आणि पुटपुटत होता, "हे कितवी चौकट आहे? कितवी चौकट?" त्याचं शोधणं थांबेपर्यंत कॅमेरा चालू राहिला. म्हणून तो शॉट आहे तेवढा लांब आहे.

फिल्म बरी झाली. बरी म्हणजे कॉलेजच्या सभागृहात तो शॉट आल्यावर कोणी मोबाइल काढला नाही. मार्गदर्शक सर म्हणाले, "ती न फुगलेली पोळी फार बोलते." चौकटरावनं मान डोलावली. पण सबमिशनच्या फाइलमध्ये पटकथा, शॉट डिव्हिजन, बजेट यांच्या बरोबर स्टोरीबोर्डही जोडावा लागतो आणि त्याच्या स्टोरीबोर्डात पोळी फुगलेली होती. तेव्हा त्यानं एडिट झालेली फिल्म लॅपटॉपवर थांबवत थांबवत, दोन रात्री जागून, पुन्हा एकतीस चौकटी काढल्या. चपटी पोळी काढली, गॅसच्या बटणावरचा हात काढला (पाच बोटांचा), सतरंजीच्या उचकीसाठी जाड बाणाला मधेमधे वळसेही दिले. कागद जुना दिसावा म्हणून कोपऱ्यावर चहा सांडला.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी फाइल आणि फिल्म शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि बाकीच्या मुलांकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात तयारी. कागदावर जे होतं, तेच नेमकं पडद्यावर आलंय."

चौकटराव नम्रपणे खाली बघत होता. कॅमेरावाली छताकडे बघत होती.

मूळ चोपडीतली सतरावी चौकट, उलटी गिरवायच्या आधीची, त्यानं आभार म्हणून मावशींना दिली. कॅमेरावाली सांगते, ती त्यांच्या फ्रिजवर लोहचुंबकानं लावलेली आहे आणि भिशीला आलेल्या प्रत्येकीला मावशी ती दाखवतात. "आमच्याच ओट्यावर सिनेमा झाला. मुलानं हात छान काढलेत. फुलका बरा आहे. गॅस तेवढा चुकलाय."